कॅरव्हॅनसाठी स्वे कंट्रोल हिच कोणती घ्यावी? (गोवा, घाटरस्ते आणि पावसाळा धरून)

फोंडावाला
नमस्कार मंडळी. आमच्याकडे छोटी कॅरव्हॅन आहे, एका फॅब्रिकेटरकडून बांधून घेतलेली. एक एक्सल, ओव्हररन ब्रेक (ट्रेलरने मागून ढकललं की आपोआप लागणारे), सामान भरून बाराशे किलोच्या वर. ओढायला टोयोटाची हायलक्स पिकअप. रीतसर पासिंग आणि विमा झालेला आहे, त्यामुळे तो विषय नको. फिरणं म्हणजे चोर्लामार्गे बेळगाव, नाहीतर एनएच ६६ धरून एकीकडे मालवण, दुसरीकडे कारवार-गोकर्ण.

अडचण अशी. झुआरीच्या नव्या पुलावर ताशी ७०-७५ ला असताना शेजारून स्लीपर बस जोरात निघून गेली की ट्रेलरची शेपटी हलते. दोन-तीन हेलकावे खाऊन थांबते. पण पेडण्यात मालपेच्या उतारावर ती लवकर थांबेना, वेग बराच खाली आणल्यावरच शांत झाली. मागच्या सीटवर मुलं असतात, त्यामुळे आता यावर खर्च करायची तयारी आहे. हे डुलणं (स्वे) आवरणाऱ्या हिचचे, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या यंत्राचे, नेटवर स्प्रिंग बारवाली, गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर (टो बॉल) घट्ट बसणारी, बाजूला दांडा लावायची असे बरेच प्रकार दिसतात आणि प्रत्येक जण आपलीच चांगली म्हणतो. इथल्या रस्त्यांना कुठली योग्य?

टेक्सासमुक्काम
मूळचा म्हापशाचा, इकडे ट्रॅव्हल ट्रेलर ओढतो म्हणून लिहितो. आमच्याकडे याचं सर्रास उत्तर म्हणजे वेट डिस्ट्रिब्युशन हिच, तीही स्वे कंट्रोल अंगचंच असलेली. ट्रेलरचं नाक (पुढचं टोक) गाडीच्या मागच्या टोकावर बसलं की मागची चाकं दबतात, पुढची हलकी होतात आणि स्टीअरिंगची पकड कमी होते. दोन स्प्रिंग बार हिचपासून मागे ट्रेलरच्या ए-फ्रेमपर्यंत (पुढची त्रिकोणी चौकट) जातात, ते ताणून बसवले की त्यातलं काही वजन पुढच्या एक्सलवर आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर परत जातं. इक्वलायझर नावाच्या हिचमध्ये हेच बार ए-फ्रेमवरच्या ब्रॅकेटवर घासतात आणि त्या घर्षणाने शेपटी आवरली जाते. रीसच्या ड्युअल कॅममध्ये बारचं टोक खाचेत बसतं आणि ट्रेलरला सरळ रेषेत ओढून ठेवतं.

सगळ्यात वरची पायरी म्हणजे हेन्सली किंवा प्रोप्राइड. त्यांच्यातल्या जोडदांड्यांमुळे ट्रेलर जणू गोळ्याभोवती न फिरता बराच पुढे, मागच्या एक्सलजवळच्या बिंदूभोवती फिरतो. तिथे शेपटीला गाडीचा मागचा भाग ढकलायला तरफच मिळत नाही. किंमत मात्र हजारो डॉलर, आणि वजनही भरपूर.

स्विंडनकर
टेक्सासकरांनी यंत्रणा नेमकी समजावली, पण ती फोंड्याच्या ट्रेलरला लागू पडणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ओव्हररन ब्रेक. ब्रेक लागताना कपलरचा (ट्रेलरच्या नाकावरचा, गोळ्यावर बसणारा भाग) दांडा आत सरकतो आणि त्यानेच ट्रेलरचे ब्रेक ओढले जातात. स्प्रिंग बारने तो भाग जखडला की ब्रेक नीट लागण्याची खात्री राहत नाही. काही अमेरिकन मॉडेलं अशा ब्रेकबरोबर चालतात, पण बनवणाऱ्याने तसं लिहून दिलेलं असेल तरच.

इंग्लंड-युरोपात कॅरव्हॅनला ओव्हररन ब्रेकच असतात, म्हणून तिथे वेगळी वाट निघाली. कपलरच्या आतच घर्षणाचे पॅड असतात आणि ते ५० मिमीच्या गोळ्याला चिमटून धरतात. आल्कोचा एकेएस ३००४ आणि विंटरहॉफचा डब्ल्यूएस ३००० ही त्यातली प्रसिद्ध नावं. आल्कोच्यात डाव्या-उजव्या बाजूलाही पॅड असतात आणि पुढे-मागेही, त्यामुळे शेपटी हलणं आणि नाक खालीवर होणं दोन्ही आवरतं. जोडताना हँडल खाली दाबलं की काम झालं. मागे घेताना काही सोडावं लागत नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. अशा कपलरला गोळ्यावर ग्रीस चालत नाही, थेंबभरसुद्धा नाही. नवा गोळा काळा रंग लावून येतो, तो रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासून उघडं लोखंड दिसेपर्यंत काढायचा आणि थिनरने पुसायचा. रंग राहिला तर तो पॅडवर चढतो, पॅड चकचकीत होतात आणि वळणावर कर्र-कर्र आवाज येऊ लागतो. आपल्याकडे खारा वारा, उघडा गोळा एका पावसात गंजतो आणि उसगाव-सांखळीच्या बाजूला लाल धूळ बसते ती वेगळीच. म्हणून ट्रेलर सोडला की गोळ्यावर टोपी आणि जोडण्याआधी दर वेळी पुसणं. माझ्याकडे डिकीत एक जुना पंचा त्याच कामाला ठेवलेला असतो.

मिस्त्रीबाब
कुंडई औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचं काम करतो. बोटींचे ट्रेलर, जनरेटरचे ट्रेलर, आता कॅरव्हॅनही. हिच विकत घ्यायच्या आधी पुढच्या गोष्टी तपासा, मग पैसे घाला.

ट्रेलर डुलण्याचं मूळ बहुतेक वेळा हिचमध्ये नसतं, वजन कुठे ठेवलंय त्यात असतं. नाकावरचं वजन कमी आणि मागे भार जास्त असला की ठरावीक वेगापर्यंत ट्रेलर हेलकावा खाऊन आपला आपण शांत होतो. त्या वेगाच्या वर गेलं की प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तुमचं पुलावर थांबलं आणि उतारावर थांबेना, म्हणजे तुम्ही त्या वेगाच्या अगदी जवळ होता. उतारावर ट्रेलर मागून ढकलतो, म्हणून तिथे आधी कळतं.

इंग्लंडातल्या बाथ विद्यापीठात वजनं सरकवता येतील असा पूर्ण आकाराचा ट्रेलर खास बांधून याच्या चाचण्या झाल्या होत्या. त्यातही सगळ्यात जास्त परिणाम नाकावरचं वजन, एक्सलची जागा आणि वजन टोकांना किती पसरलंय याचाच दिसला.

तर कृपा करून आधी नाकावरचं वजन मोजा. घरातला वजनकाटा चालतो. एक जाड फळी घ्या, एका टोकाखाली वीट, दुसऱ्या टोकाखाली काटा, दोन्हींच्या वर एकेक पाइपचा तुकडा आडवा. दोन पाइपमधल्या अंतराचे तीन समान भाग पाडा. काट्यावर फळी ठेवून आधी शून्य करा. मग ट्रेलरचं नाक विटेपासून एका भागावर टेकवा. काट्यावर जे येईल त्याला तीनने गुणायचं. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दगडाची उटी लावलेली आणि सामान नेहमीच्या प्रवासासारखं भरलेलं हवं. पाण्याची टाकीसुद्धा.

चोर्लाघाट
एकूण वजनासाठी सांखळी-उसगाव पट्ट्यात ट्रकांचे वजनकाटे आहेत, तिथे थोड्या पैशांत पावती मिळते. पण नाकावरचं वजन त्यावर मोजू नका. ते काटे पाच-दहा किलोच्या टप्प्यात दाखवतात आणि इथे दहा किलोनेही फरक पडतो.

शापोराबोट
मिस्त्रींना शंभर टक्के अनुमोदन. आमच्या बोटीच्या ट्रेलरला हेच झालं होतं. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या शेवटच्या टोकाला लटकलेलं, बोट ट्रेलरवर थोडी मागे बसली की नाक हाताने उचलता येईल इतकं हलकं. विंचचा खांब फ्रेमवर पुढे सरकवून बोट पुढे घेतली आणि डुलणं संपलं. हिच तीच, गोळा तोच, ओढणारी गाडी तीच.

केपेकरीण
आमच्याकडे कॅरव्हॅन नाही, घेण्याचा विचार चाललाय, म्हणून धागा बारकाईने वाचतेय. दोन शंका. एक, बाजूला दांडा लावायचा जो स्वस्त प्रकार आहे त्याबद्दल कुणीच बोललं नाही. दोन, नाकावर नेमकं किती वजन हवं? एकीकडे ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १०-१५ टक्के वाचलं, दुसरीकडे ५-७. दुपटीचा फरक कसा काय?

टेक्सासमुक्काम
ताई, १०-१५ टक्के हा आमच्याकडचा आकडा. इथले ट्रेलर जड असतात, एक्सल मागे असतो, ओढणाऱ्या गाड्या मोठ्या आणि हायवेवरचा वेगही जास्त. एवढं वजन नाकावर आलं की गाडीची मागची बाजू बसते, म्हणून तर स्प्रिंग बार लागतात. दोन्ही गोष्टी जोडीने येतात.

दांड्याबद्दल: तो दुर्बिणीसारखा आतबाहेर सरकतो, मध्ये घर्षणाचे पॅड, वर घट्ट करायचं हँडल. लहान ट्रेलरला उपयोगी. पण मागे घेताना तो काढावाच लागतो, नाहीतर वाकतो. ओव्हररन ब्रेकबरोबर लावू नका असं बनवणारेच सांगतात. आणि निसरड्या रस्त्यावर, ओल्या-खडीच्या रस्त्यावर तो सैल करा असंही त्यांच्या पुस्तिकेत असतं, कारण वळणावर गाडी वळते पण जखडलेला ट्रेलर तिला सरळ ढकलत राहतो.

चोर्लाघाट
हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. जून ते सप्टेंबर चोर्ल्यात रस्ता ओला, त्यावर कुजलेली पानं, वळणावर डोंगरातून वाहून आलेली माती. त्या चार महिन्यांत जो दांडा सैलच ठेवायचा आणि अनमोडच्या वळणावर समोर ट्रक अडकला की मागे घ्यायला उतरून जो काढायचा, तो इथे कामाचा नाही. स्प्रिंग बारचंही तेच म्हणेन. फेरीच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उतार आणि रॅम्प यांच्यात जो कोन होतो तिथे बारवर भलताच ताण येईल, आणि आपल्याकडे असे कोन ठायी ठायी आहेत.

स्विंडनकर
केपेकरीण ताई, ५-७ टक्के हे युरोपचं. तिथे वजनाला वरून छत आहे. कपलरवर आणि गाडीच्या टोबारवर (गोळा ज्यावर बसवतात ती गाडीमागची चौकट) जास्तीत जास्त किती चालेल ते शिक्का मारून लिहिलेलं असतं, बहुधा ७५ किंवा १०० किलो, क्वचित जास्त. त्यातला जो आकडा सगळ्यात लहान तो आपली मर्यादा. साधारण नियम असा की त्या मर्यादेच्या जितकं जवळ राहता येईल तितकं चांगलं, ओलांडायची मात्र नाही.

टोबारच्या पाटीवर आणखी एक 'डी' आकडा असतो, टोबार किती ओढ सोसतो ते सांगणारा, किलोन्यूटनमध्ये. तुमच्या जोडीचा आकडा असा काढायचा: गाडीचं भरलेलं वजन गुणिले ट्रेलरचं वजन, भागिले दोघांची बेरीज, गुणिले ९.८१, वजनं टनांत. समजा गाडी २.६ टन आणि ट्रेलर १.२ टन, तर उत्तर ८ च्या जरा वर येतं. पाटीवर त्याहून मोठा आकडा हवा. आणि पाटीच नसेल, कुणी गॅरेजमध्ये वेल्ड करून दिलेला टोबार असेल, तर तोच आधी बदला. स्वे कंट्रोल लावून त्या टोबारवरचा ताण उलट वाढतो.

फोंडावाला
सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे मोजलं. वजनकाट्यावर ट्रेलर एकूण १२४० किलो. नाकावर फळीच्या हिशेबाने ५८. कपलरवर शिक्का १०० चा आहे, टोबारवर त्याहून जास्त.

पाण्याची ८० लिटरची टाकी मागच्या पलंगाखाली, एक्सलच्या दीड मीटर मागे. स्टेपनी मागच्या भिंतीला बाहेरून टांगलेली. बॅटरी मागे. गोळ्यापासून एक्सल साडेतीन मीटर. स्टेपनीच्या बदल्यात गॅसचा दुसरा सिलिंडर नाकावरच्या पेटीत ठेवला तर नाक आपोआप जड होईल का?

मिस्त्रीबाब
५८ म्हणजे पाच टक्क्यांनाही कमी. इथेच सापडलं.

सिलिंडर नाकावर ठेवू नका. आकडा सुधारेल, ट्रेलर नाही. दोन्ही टोकांना वजन ठेवलं की कावडीला दोन बाजूंनी भरलेल्या घागरी लावल्यासारखं होतं, एकदा झोका बसला की थांबवणं कठीण. वजन एक्सलच्या आसपास गोळा व्हायला हवं, किंचित पुढे.

टाकीचा हिशेब सांगतो. ८० किलो दीड मीटर मागे, म्हणजे नाकावरून ती ८० × १.५ ÷ ३.५ = ३४ किलो उचलून धरते. तीच टाकी एक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे आणली तर नाकावर ७ किलो टाकेल. एका टाकीने ४१ किलोचा फरक. ५८ चे ९९ होतात, म्हणजे ८ टक्के, पण शिक्क्याच्या फारच काठावर. म्हणून टाकी बरोबर एक्सलवर घ्या, ९२ वर याल. मग स्टेपनी मागच्या भिंतीवरून काढून चाकांच्या रेषेच्या थोडी मागे फ्रेमखाली घेऊ, बॅटरी त्याच रेषेत. दोन्हींनी नाकावर थोडं वाढेल, पण शंभराच्या आत राहील असं बसवता येतं. जागेवर फळी लावून पुन्हा मोजू. टाकी अर्धी असतानाही नाक फारसं बदलणार नाही, हा तिला एक्सलवर ठेवण्याचा आणखी एक फायदा.

आणखी दोन गोष्टी. हायलक्स उंच. गोळा उंच असला की ट्रेलर नाक वर करून चालतो, आणि तसा चालणारा ट्रेलर लवकर डुलतो. भरलेल्या अवस्थेत तो सपाट किंवा नाक बोटभर खाली असायला हवं. तसं नसेल तर गोळा खाली घेणारी प्लेट लावावी लागेल. दुसरं, टायर. ट्रेलरच्या टायरमध्ये हवा कमी असली की टायरच्या भिंती लचकतात आणि तिथूनच हेलकावा सुरू होतो.

स्विंडनकर
मिस्त्रींच्या हिशेबात भर घालायला काही नाही. हायलक्स तुमच्यासाठी चांगली आहे. व्हीलबेस ३०८५ मिमी, रिकामी गाडीसुद्धा ट्रेलरपेक्षा बरीच जड. जर्मनीत कॅरव्हॅनला एरवी ताशी ८० ची मर्यादा असते, १०० ची परवानगी हवी असेल तर ट्रेलर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ०.८ पटीच्या आत, स्टॅबिलायझर (वर सांगितलेल्या घर्षणाच्या कपलरसारखा) असेल तर बरोबरीपर्यंत चालतो. तुम्ही त्याच्या खूप आत आहात. हीच कॅरव्हॅन २४५० मिमी व्हीलबेसच्या तीन दारी थारला जोडणार असता तर मी आधी गाडी बदला म्हटलं असतं.

केपेकरीण
आणि एवढं करूनही डुललाच तर? आमच्या घरी दोघंही गाडी चालवतात, दोघांनाही माहीत असायला हवं.

टेक्सासमुक्काम
अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि स्टीअरिंग सरळ धरून ठेवायचं. हेलकाव्याच्या उलट वळवायचा मोह होतो, तो टाळायचा, कारण आपला हात नेहमी अर्धा हेलकावा उशिरा पोचतो आणि त्यात भरच घालतो. जोरात ब्रेक मारायचा नाही. आमच्याकडे ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतात, डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात आणि ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. ओव्हररनला ती सोय नाही. म्हणून तुमच्याकडे वेगच आधीपासून कमी हवा. शांत झालं की बाजूला थांबून कपलर, टायर आणि आतलं सामान बघायचं.

स्विंडनकर
ओव्हररनसाठी आल्कोचं एटीसी म्हणून यंत्र आहे, एक्सलवर बसतं. ट्रेलर आडवा झोका घेतोय हे कळलं की ते स्वतःच ब्रेकच्या सळ्या ओढतं. उत्तम चीज आहे, पण मी स्टॅबिलायझर कपलरच्या नंतर त्याचा विचार करीन. अनेक गाड्यांच्या ईएससीमध्येही (गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) ट्रेलर आवरण्याची सोय असते. तुमच्या गाडीत आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा. असली तरी ट्रेलरची वायर कंपनीच्या सॉकेटला जोडल्याशिवाय बऱ्याच गाड्यांना मागे ट्रेलर आहे हेच कळत नाही.

चोर्लाघाट
घाट उतरताना मात्र यातलं कुठलंही यंत्र मदतीला येत नाही. उतारभर ट्रेलर ढकलत असतो, म्हणजे त्याचे ओव्हररन ब्रेक उतारभर थोडे थोडे लागलेलेच राहतात. ब्रेकचे लायनर तापले की वास येतो. घाट सुरू व्हायच्या आधीच खालचा गियर, इंजिनवर उतरायचं, आणि वास आला तर थांबायचं. गरम ड्रमवर पाणी ओतू नये.

मिस्त्रीबाब
फोंडावाले, कपलर मागवण्याआधी एक फार महत्त्वाचं. तुमच्या हायलक्सवरच्या गोळ्याचा व्यास कॅलिपरने मोजा. बाजारात ५० मिमीचेही मिळतात आणि अमेरिकन दोन इंची, म्हणजे ५०.८ मिमीचेही. डोळ्यांना सारखेच दिसतात. ५० च्या कपलरमध्ये ५०.८ चा गोळा पूर्ण बसत नाही, कुलूप लागल्यासारखं वाटतं पण लागत नाही. उलट केलं तर गोळा आत खडखडतो. स्टॅबिलायझर कपलरला तर बरोबर ५० चाच आणि मानेला पुरेसा लांब गोळा हवा, नाहीतर वळणावर कपलर टोबारला घासतो. माझ्याकडे आलेल्या एका ट्रेलरवर या चुकीच्या जोडीने कपलरच्या ओठाला आतून चंद्रकोरीएवढी खाच पडली होती.

फोंडावाला
मोजला. ५०.७ ते ५०.८ च्या मध्ये येतोय! म्हणजे आमच्या ५० च्या कपलरमध्ये दोन इंची गोळा इतके दिवस चालला. फॅब्रिकेटरला विचारलं तर "सगळ्यांना हाच लावतो" म्हणाला.

ट्रेलर आजपासून उभा. आता ठरवलं ते असं: ५० चा लांब मानेचा गोळा, त्याला लागली तर खाली घेणारी प्लेट, टाकी एक्सलवर, स्टेपनी आणि बॅटरी मध्ये. नाकाचं वजन ९०-९५ वर आलं की मग गोळ्यावरचा स्टॅबिलायझर कपलर मागवायचा. स्प्रिंग बार आणि दांडा दोन्ही रद्द. मिस्त्रीबाब, काम तुमच्याकडेच करायचं आहे, कधी आणू?

मिस्त्रीबाब
पुढच्या आठवड्यात आणा. पण त्या गोळ्यावर ओढत आणू नका, फोंड्याहून कुंडई जवळ असली तरी नको. गोळा आधी बदला, मग निघा. टाकी रिकामी करून आणा, सिलिंडर घरी ठेवा, वेल्डिंग आहे. ट्रेलर सुटलाच तर त्याचे ब्रेक ओढणारी ब्रेकअवे वायर आणि सेफ्टी चेन कशी अडकवलीय तेही बघू, चेन कपलरखालून एकमेकींना ओलांडून जायला हव्यात म्हणजे नाक सुटलं तर रस्त्यावर न आपटता त्यांच्यावर टेकेल. ओव्हररनचा दांडा हाताने आत ढकलून बघा, अर्ध्यापेक्षा जास्त सहज जात असेल तर लायनरही लावून ठेवावे लागतील, तसं आधी कळवा.

केपेकरीण
मिस्त्रीबाब, त्या दिवशी आम्ही दोघं बघायला आलो तर चालेल का? फळीवरचं मोजमाप प्रत्यक्ष पाहायचं आहे.

मिस्त्रीबाब
जरूर या. दुपारी दोननंतर, सकाळी कटिंग चालतं. पायात बंद बूट हवेत.